विद्यार्थी कला-समन्वयक: मानधन विचारण्याआधी चाव्या कुणाकडे ते विचारा

कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात मानधनावर काम करणारा विद्यार्थी-समन्वयक हे पद सोलापुरात कुणी फारसं मिरवत नाही. त्याला ठरलेलं एक नावही नाही. कुठं ‘कमवा व शिका’ योजनेतला मुलगा सांस्कृतिकला बसवलेला असतो, कुठं स्टुडंट कोऑर्डिनेटर म्हणून तासांवर घेतात, तर कुठं नुसत्या ‘सरांनी सांगितलंय’वर वर्ष निघतं आणि शेवटी एक पाकीट मिळतं. काम मात्र सगळीकडे तेच. नाटकवाले, गाणारे, नाचणारे, चित्रकला-रांगोळीची पोरं आणि वाङ्मय मंडळ एका बाजूला, प्राचार्य, सांस्कृतिक समितीचे सर-मॅडम, लेखा विभाग आणि विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग दुसऱ्या बाजूला, मध्ये तुम्ही.

मत आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. हा आकडा सरासरीचा आहे, कारण हे पद कॉलेजागणिक दीड ते साडेचारच्या मध्ये कुठेही असू शकतं. फरक पाडणाऱ्या गोष्टी तीन: सराव-हॉल आणि वाद्यांच्या कपाटाची चावी, सरावाचं वेळापत्रक ठरवायचा अधिकार, आणि किरकोळ खर्चाची उचल. तीनपैकी दोन तरी समन्वयकाकडे असतील तर काम बिनधास्त घ्या. एकही नसेल तर तुम्ही फक्त निरोपे, आणि निरोप वेळेवर पोचला नाही की बोलणी खाणारेही तुम्हीच.

चावीचं आधी. सराव संध्याकाळी असतो, ऑफिस पाच-साडेपाचला बंद होतं. हार्मोनियम कपाटात, कपाटाची चावी क्लार्ककडे, हॉलची शिपाईमामांकडे, आणि मामांची ड्युटी संपलेली. मग बारा जणांचा संघ पायऱ्यांवर बसून शेंगा खातो आणि दीड तास वाया जातो. हे एकदा नाही, आठवड्यातून दोनदा होतं. यावर इलाज साधा आहे: एक चावी-रजिस्टर. तारीख, वेळ, चावी कुणी घेतली, कधी परत केली, वाद्यांची स्थिती, सही. सहा रकाने. प्राचार्यांची एकदा मंजुरी घेतली की मामा रजिस्टर बघून चावी देतात, कारण हरवलं-मोडलं तर जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. मुलाखतीला गेलात तर पहिला प्रश्न हाच करा. ‘चावी मागितली की देतो की’ असं उत्तर आलं, तर ते ‘नाही’ समजा.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं आणि त्याचं कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतं आहे. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणजे समन्वयकाला सगळं जवळ, असं वाटतं. प्रत्यक्षात विद्यापीठ केगावला, पुणे महामार्गावर, शहराबाहेर. पंढरपूर आणि बार्शी प्रत्येकी साधारण सत्तर किलोमीटरवर. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला इथली बरीच पोरं रोज एसटीने ये-जा करणारी. त्यामुळे वेळापत्रक लावताना पहिली तपासायची गोष्ट कलेची नाही, एसटीची: कोण कोणत्या गावचं, त्या गावाची शेवटची गाडी किती वाजता. ही यादी पहिल्याच आठवड्यात करा. समूहगीतात सहा गायक असतील आणि त्यातले दोन साडेसहाच्या गाडीचे, तर त्या दोघांचे भाग आधी घ्यायचे, बाकीच्यांचे नंतर. होस्टेलच्या मुलींसाठी रेक्टर मॅडमची लेखी परवानगी तारखांसकट घ्यावी. तोंडी परवानगी दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. घरून येणाऱ्या मुलींच्या आई-वडिलांना सराव कधी सुटणार हे समन्वयकाने स्वतः फोन करून सांगितलं, तर निम्मी गळती थांबते. हे काम कुठल्याच नियुक्तिपत्रात लिहिलेलं नसतं.

आता युवा महोत्सव. वर्षभराच्या कामाचा अर्धा भार याच काळात येतो आणि समन्वयक चांगला की नुसता उत्साही, हेही इथेच कळतं. विद्यापीठ पातळीवर निवडलेला संघ पुढे राज्यस्तरीय ‘इंद्रधनुष्य’ला आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय महोत्सवाला जातो, म्हणून नियमांची घडण साधारण याच विद्यापीठ संघाच्या नियमावलीसारखी असते. काही आकडे डोक्यात पक्के असावेत. एकांकिका ३० मिनिटं, रंगमंचावर ९ कलाकार, साथीला ३, नेपथ्य मांडायला वेगळा वेळ. प्रहसन १० मिनिटं, ६ जण. मूकनाट्य ५ मिनिटं, ६ जण. भारतीय समूहगीत १० मिनिटं, ६ गायक आणि ३ साथीदार. सुगम गायन ४ ते ६ मिनिटं. लोकनृत्य १० नर्तकांपर्यंत, ८ ते १० मिनिटं. जागेवरचं चित्र, कोलाज, भित्तिपत्रक, माती, व्यंगचित्र, रांगोळी यांना अडीच तास. वयाची अट २५ वर्षांच्या आतली, १ जुलैला धरून. विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात यातला एखादा आकडा बदललेला असू शकतो, तेव्हा परिपत्रकाची छापील प्रत हातात ठेवा. मागच्या वर्षीची पीडीएफ ग्रुपवर फिरत असते आणि घोळ तिच्यातून सुरू होतो.

प्रवेशिका कुठे बाद होतात ते पाहा. सगळ्यात जास्त वेळा नावात. दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, विद्यापीठाच्या नोंदीत तिसरं. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाचा, एखादा आकडा चुकलेला. बोनाफाईड गेल्या शैक्षणिक वर्षाचं. एकच मुलगा एकांकिकेतही आणि लोकनृत्यातही, आणि दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या रंगमंचांवर. साथीदार विद्यार्थीच हवा की बाहेरचा चालेल, हे प्रकाराप्रमाणे बदलतं, त्यामुळे परिपत्रकातल्या त्या ओळीखाली रेघ मारून ठेवा. आमचा आग्रह एवढाच: एक तक्ता करा. आडव्या ओळीत विद्यार्थी, उभ्या रकान्यात कलाप्रकार. ज्याच्या ओळीत तीनपेक्षा जास्त खुणा पडतात, त्याच्याशी आधीच बोला. प्रत्येकाची सनद, आधार, ओळखपत्र आणि दोन फोटो यांची एक पाकीट-फाईल ठेवा आणि संघ निघताना सगळी पाकिटं एकाच पिशवीत. संघव्यवस्थापक म्हणून जाणाऱ्या सरांच्या मोबाईलवर या सगळ्याचे फोटो टाका, कारण पिशवी बसमध्ये राहू शकते, मोबाईल सहसा राहत नाही.

गाण्याच्या बाबतीत एक नियम वारंवार विसरला जातो. समूहगीतात आणि सुगम गायनात चित्रपटगीत चालत नाही. मुलांना हे सांगूनही ती ‘हे तर भक्तिगीत आहे’ म्हणून सिनेमातलंच भजन आणतात. गाण्याचं मूळ कुठलं हे समन्वयकाने निवडीच्या दिवशीच तपासायचं. परीक्षकांनी गुण कापल्यावर तपासून उपयोग नाही.

वाद्यांचं ज्ञान या पदाला लागत नाही असं म्हणतात. थोडं लागतं. उदाहरण घ्या. कॉलेजकडे तबल्याची एकच जोडी आहे आणि तबला काळी एकला, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला आहे. मुलांचं गाणं काळी एकमध्ये असेल तर प्रश्नच नाही. मुलींचं काळी चारमध्ये असेल तर हाच तबला मध्यमात पडतो आणि चालून जातो. काळी तीनमध्ये असेल तर तो पंचमात येतो, तेही उत्तम. पण मिश्र गटाने काळी दोन निवडली तर तो कोमल निषादावर बोलतो आणि सगळं गाणं बेसूर ऐकू येतं. तेव्हा कुणीतरी हातोडी घेऊन गट्टे ठोकत दोन घरं चढवायला बसतं आणि पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, फाटते. पुडी बदलायला वेळ जातो, पैसे लागतात आणि त्यासाठी पावती लागते. म्हणून पट्टी ठरण्याच्या दिवशी तबलजी त्या खोलीत हवा. हार्मोनियमची पट्टीही ट्यूनर ॲपवर एकदा तपासून घ्या. जुन्या पेटीचा सूर खाली उतरलेला असेल आणि बासरी किंवा कीबोर्ड सोबत घेतला असेल, तर ती पेटीशी सहजासहजी जुळणार नाहीत.

ध्वनीचं तर वेगळं प्रकरण करता येईल. नृत्य आणि मूकनाट्याचा ट्रॅक दोन पेनड्राईव्हवर ठेवा, शिवाय एका मोबाईलवर. पेनड्राईव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. बऱ्याच मिक्सरला दुसरे प्रकार वाचता येत नाहीत आणि ऐनवेळी पडद्यावर ‘नो फाईल’ येतं. त्यात एकच फाईल असावी. पन्नास लग्नाच्या गाण्यांमध्ये आपला ट्रॅक शोधत बसलेला ध्वनीवाला ही दरवर्षीची गंमत आहे. मोबाईलवरून वाजवायचं झालं तर फ्लाइट मोड, आणि तार लावून. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे पडतो, मूकनाट्यात थप्पड आधी बसते आणि आवाज नंतर येतो. बिनतारी माइकचे सेल नवे घ्या, जुने ‘अजून चालतायत’ म्हणून ठेवू नका. नाटकात कॉलर माइक लावायचा असेल तर घामाने तो बंद पडतो, म्हणून तो छातीवर चिकटवताना मध्ये पातळ टेप हवी. आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा न्या. पंधरा ॲम्पियरचा सॉकेट प्रत्येक हॉलमध्ये असतोच असं नाही.

चित्रकला-रांगोळीची मुलं सगळ्यात कमी कटकटीची, म्हणूनच सगळ्यात दुर्लक्षित. कागद आयोजक देतात, बाकी साहित्य स्पर्धकाने आणायचं असतं. व्यक्तिचित्राच्या रांगोळीसाठी पांढरी तीनेक किलो, पंधरा-वीस छटा पाव-पाव किलो, लेक रंग (रांगोळीत मिसळायची रंगपूड), बारीक चाळणी आणि फरशी पुसायला कोरडं फडकं. ओली फरशी ही रांगोळीची खरी शत्रू. कोलाजला कात्री आणि गोंद, शिवाय पंखा कुठे आहे तेही बघून ठेवायचं. साहित्याचे पैसे मुलांनी खिशातून घातले आणि नंतर परत मिळाले नाहीत, ही तक्रार या मुलांकडूनच जास्त येते, कारण ती भांडत नाहीत.

शहरातल्या हॉलबद्दल. महापालिकेचं हुतात्मा स्मृती मंदिर, डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह, शिवस्मारक ही नेहमीची नावं. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचं स्मरण म्हणून १२ जानेवारीला शहरात कार्यक्रम असतात. त्याच दिवशी राष्ट्रीय युवा दिनही येतो आणि लगेच संक्रांत, सिद्धेश्वरांची यात्रा आणि तिची जत्रा, म्हणजे गड्डा. या आठवड्यात मध्यवर्ती भागात काहीही ठेवू नका. हॉल मिळाला तरी सामानाचा टेम्पो आत येणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आधी विचारून घ्या, ते दिवसही गेले. बाकी तारखांसाठी अर्ज प्राचार्यांच्या सहीने आणि कॉलेजच्या लेटरहेडवर द्यायचा. विद्यार्थ्याच्या नावावर अनामत भरली तर परतावा त्याच्याच खात्यावर येतो आणि मग लेखा विभागाला ते पैसे नेमके कुणाचे हे पटवत बसावं लागतं. हॉलचं भाडं विचारताना वीज, वातानुकूलन, ध्वनी आणि सफाई यातलं काय धरलंय ते लिहून घ्या. नाटकवाल्यांसाठी विंगेतली जागा, पडद्याची दोरी आणि प्रकाशाच्या डिमरची स्थिती स्वतः जाऊन बघा.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर लाऊडस्पीकरला पोलीस परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि शाळा, कॉलेज, दवाखाने, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्राचे निर्बंध असू शकतात. कॉलेजच्याच मैदानात स्नेहसंमेलन करणाऱ्यांना हे माहीत नसतं. कार्यक्रम नऊला संपवायचा असं पत्रिकेत छापा, तर तो पावणेदहाला संपतो.

परवान्यांचं आणखी एक. एकांकिकेचा जाहीर प्रयोग करायचा असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी लागते. कॉलेजच्या आत विद्यार्थी-शिक्षकांनी सादर केलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेला सवलत आहे. पण रेकॉर्ड लावायची असेल तर प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी हवेत. तिकीट लावलं, शहराला आमंत्रण दिलं, यूट्यूबवर टाकलं की ही सवलत गृहीत धरू नका. लेखकाला परवानगीसाठी फोन केला तर बहुतेक जण विद्यार्थ्यांना आनंदाने देतात. न विचारता केलं आणि नंतर कळलं, तर तोच लेखक पुढच्या वर्षी नवी संहिता द्यायचं टाळतो. हा फोन समन्वयकानेच करायचा असतो.

सोलापुरात या पदाला जी गंमत आहे ती इतर शहरांत नाही. एका वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरांतली मुलं बसलेली असतात. मराठीतली एक सूचना फलकावर लावली की त्यातली निम्मी मुलं ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजून निघून जातात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली मुलगी घरी तेलुगू गाणी गाते, पण कॉलेजात तिला कुणी विचारलेलं नसतं. अक्कलकोटकडच्या मुलाला कन्नड भक्तिवचनं पाठ असतात. सिद्धरामेश्वरांचीही वचनं कन्नडच, आणि ते तर याच गावचे ग्रामदैवत. समूहगीत कुठल्याही भारतीय भाषेत चालतं, मग दरवर्षी तेच शाहिरी गीत का? चांगला समन्वयक वर्गावर्गात जाऊन ‘घरी कोण गातं, कोण वाजवतं’ हे विचारून घेतो. माळशिरस-सांगोला पट्ट्यात गजीनृत्य नाचणारी धनगर घरातली मुलं कॉलेजात आहेत, त्यांना ढोलही येतो आणि पावलंही. मग शहरातला नृत्यदिग्दर्शक लावून हेच नृत्य त्यांना पुन्हा शिकवायची काय गरज? लोकवाद्यवृंदाला संबळ, हलगी, दिमडी, चौंडकं, तुणतुणं वाजवणारे लागतात आणि ही वाद्यं अनेकदा घरातच असतात, कपाटाची चावीही लागत नाही. याच कामासाठी या पदाला आम्ही वरचे गुण देतो.

आता पैसे. समजा तासाला ६० रुपये आणि महिन्याला कमाल ४० तास, म्हणजे २,४०० रुपये. एरवीच्या महिन्यात हे ठीक आहे. महोत्सवाच्या महिन्यात रोज तीन तास सराव धरला तर पंचवीस दिवसांचे ७५ तास होतात, कागदपत्रांचे वेगळे. कमाल मर्यादेमुळे मोबदला ४० तासांचाच. ताशी दर मग ३० रुपयांच्या आसपास येतो, त्यातून रिक्षा, झेरॉक्स आणि चहा. यावर उपाय म्हणजे तासांची मर्यादा महिन्याची न ठेवता सत्राची ठेवायची: सत्रात १६० तास, कुठल्या महिन्यात किती ते कामाप्रमाणे. परीक्षेच्या महिन्यात शून्य, महोत्सवाच्या महिन्यात ७५. हे रुजू होण्याआधी लेखी मागा. नंतर कुणी देत नाही. ‘कमवा व शिका’त ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेत काम मिळत असेल आणि गरज फक्त पैशांची असेल, तर तेच घ्या, तिथे तास मोजके, बसायला खुर्ची आणि रात्रीचे फोन नाहीत.

मानधन खात्यावर येतं आणि उशिरा येतं. साखळी अशी: हजेरीपत्रक, समितीप्रमुखांची सही, प्राचार्य, लेखा विभाग, बँक. कुठल्याही एका टेबलावर ते दोन आठवडे पडू शकतं. महिन्याच्या २५ तारखेला हजेरीपत्रक देऊन त्याची पोच घ्या. बँक खातं बरेच दिवस वापरात नसेल तर निष्क्रिय होऊन पैसे परत जाऊ शकतात, म्हणून आधी एक छोटा व्यवहार करून बघा. खात्यावरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव एक हवं.

उचलीचा नियम: घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, त्यावर तारीख, दुकानाचं नाव, कॉलेजचं नाव. ड्रेपरी, म्हणजे नाच-नाटकाचे पोशाख, भाड्याने देणारे बऱ्याचदा कच्चं बिल देतात. ते लेखा विभागात चालत नाही, पक्कं मागा आणि मिळत नसेल तर आधीच सरांना सांगा. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. तबलजी किंवा नृत्यदिग्दर्शकाला रोख दिली तर व्हाउचरवर सही, पॅन आणि मोबाईल क्रमांक. कार्यक्रम संपल्यापासून आठवडाभरात हिशोब द्या. आठवड्यानंतर पावत्या हरवतात आणि तूट तुमच्या मानधनातून वळती होते. उचल देणारच नाहीत आणि ‘आधी तू खर्च कर, मग देऊ’ म्हणतील, तिथे स्वतःच्या खिशाची एक रक्कम ठरवा, समजा ५००, आणि त्यापुढे एक रुपया घालू नका.

माणसांची बाजू. नाटकवाले आणि नृत्यवाले यांचं भांडण हॉलवरून होतं, गाणारे आणि वाजवणारे यांचं आवाजावरून. समन्वयक स्वतः यातल्या एखाद्या गटाचा असेल तर बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे लक्षात ठेवून आठवड्याचं वेळापत्रक शनिवारी सगळ्यांसमोर ठरवा आणि फलकावर लावा. ग्रुपवर टाकलेलं वेळापत्रक कुणीतरी बदलतं, फलकावरचं बदलत नाही. बाहेरच्या दिग्दर्शकाशी किती सरावांचे किती पैसे हे प्राचार्यांच्या सहीच्या पत्रावर ठरलेलं असावं. ‘बक्षीस आलं तर बघू’ हे बोलणं कितीही प्रेमळ असलं तरी नको. आणि सराव कितीही चांगला चालला असला तरी अंतर्गत परीक्षा असणाऱ्या मुलांना सोडा, नाहीतर त्यांचे वर्गशिक्षक पुढच्या वेळी संघात नाव द्यायला परवानगी देत नाहीत.

कुणी घेऊ नये? ज्याला स्वतः रंगमंचावर उभं राहायचं आहे त्याने. समन्वयक आणि प्रमुख नट एकच असेल तर दोन्हीकडे घोटाळा होतो. शेवटच्या वर्षात प्रकल्प असणाऱ्यांनीही विचार करावा. दुसऱ्या वर्षातल्या, गावाकडून येणाऱ्या आणि होस्टेलवर राहणाऱ्या मुलांना हे पद सगळ्यात जास्त फळतं, कारण संध्याकाळ मोकळी असते आणि प्रशासनात कोण काय करतं हे दोन सत्रांत कळतं. पुढे कार्यक्रम-व्यवस्थापन, ध्वनी-प्रकाश किंवा सांस्कृतिक संस्थांमध्ये काम करायचं असेल तर ‘सहभाग’ लिहिलेल्या प्रमाणपत्रापेक्षा कामाचं पत्र मागा: किती संघ, किती कार्यक्रम, किती रकमेचा हिशोब. हे आकडे प्राचार्यांच्या सहीने मिळाले तर उपयोग होतो.

जागा साधारण प्रवेशाच्या गडबडीत, जून-जुलैत भरली जाते, आणि सूचना बहुतेक वेळा विभागाच्या फलकावरच लागते. अर्ज, ‘कमवा व शिका’तून असेल तर उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत आणि गुणपत्रिका ही मागितली जातात. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून मे महिन्यातच अर्ज टाका. आणि आधीच्या समन्वयकाला गाठून त्याच्याकडून पाच गोष्टी घ्या: चावी-रजिस्टर, वाद्यांची यादी त्यांच्या बिघाडासकट, ध्वनी-प्रकाशवाल्यांचे क्रमांक, मागच्या वर्षीचा हिशोब, आणि न मिळालेल्या मानधनाची थकबाकी किती महिन्यांची आहे त्याचं खरं उत्तर.